खुंट

अकरा वर्षांनी फाटक ढकललं, तर ते अडलं
गुलाबाच्याच एका फांदीला.
म्हटलं, बरं आहे. तुझा तरी हक्क आहे.

सात रोपं लावली होती, घर सोडलं त्याच वसंतात,
ओर्हेईच्या बाजारातून ओल्या गोणपाटात आणलेली.
विकणारी म्हणाली होती, लाल,
आंबट चेरीच्या पाकासारखी गर्द.
मग पादोव्हाची बस. फुलं मी पाहिलीच नाहीत.

तिकडे सिन्योरा ओर्नेला होती.
तिची नखं, तिच्या गोळ्या,
दर दोन तासांनी कूस बदलायची,
पाठीला व्रण पडू नयेत म्हणून.
शेवटी शेवटी मला ती बहिणीच्या नावानं हाक मारायची
आणि मी ओ द्यायचे.
नऊशे युरो. त्यातले सहाशे इकडे.
इकडे छत झालं, बॉयलर झाला,
लूमिनित्साच्या दातांना तार बसली.
गुलाबांना पाणी कुणी घातलं नाही.
घाला असं मी सांगितलंही नव्हतं.

मार्चचा चिखल. कुंपणाच्या सावलीत तेवढा बर्फ.
शेजारचा ग्रिगोरे कात्री घेऊन आला,
कात्रीला दात होते, त्याला नव्हते.
"आधी मेलेलं काढ. मेलेलं ओळखता येतं ना?"
येतं. मला तेच तर येतं.
नखानं साल खरवडायची,
आत हिरवं दिसलं की थांबायचं,
तपकिरी असेल तर आणखी खाली,
आणखी खाली.
डोळा बाहेर बघत असेल, त्याच्या जरा वर तिरका छाट.
एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक ठेवायची.
कुठली, ते कुणी सांगत नाही.

तीन झुडपं तळापर्यंत तपकिरी.
तीन वाचतील, कदाचित.
सातवं, फाटक अडवणारं, माझ्या डोक्याच्याही वर,
हिरवंगार, पानं वेगळी, काटे बाकदार.
ग्रिगोरेनं वाकून बुंध्याशी बोट खुपसलं.
"हा तुझा नव्हे. तुझा डोळा कधीच मेला.
हा खालचा खुंट. रानटी.
ह्याच्या मुळांवर तुझा लाल बांधला होता,
तो गेला, ह्यानं घर घेतलं.
कापू नकोस, दुप्पट फुटेल. ओरबाडून काढ, मुळाशी."

मी दोन्ही हातांनी धरला.

"तो नको."
लूमिनित्सा दारात, हातात कप.
एकोणीस वर्षांची. आई ती माझ्या नणंदेला म्हणते,
अजूनही, चुकून,
आणि मग आम्ही दोघी भांडी विसळायला लागतो.
"जूनमध्ये पांढरी फुलं येतात त्याला. पाचच पाकळ्या.
शाळेच्या शेवटच्या दिवशी बाईंना मी तीच न्यायचे.
फळं लाल झाली की नाद्याआई वाळवते, चहाला."
मग जरा थांबून,
"तुला पाठवली होती ना एकदा? बरणीभर?"

बरणी.
आली होती.
झाकणावरचा कागद मी वाचला नव्हता,
वाटलं, नणंदेनं काहीतरी पाठवलंय.
ओर्नेलानं प्यायला तो सगळा हिवाळाभर.
तिला आवडायचा.

ग्रिगोरे कात्री पुसत होता, पुसून झाली तरी.
"मग निदान फाटकापासून मागे बांध," म्हणाला.

बांधला. पादोव्हाचे जुने नायलॉनचे मोजे फाडून,
सैल गाठ, काचणार नाही अशी,
गाठीखाली दोन बोटं सरकवून पाहिली.
ती सवय आता जायची नाही.
मग आळं केलं, शेणखत घातलं, बादलीभर पाणी,
आणि उरलेल्या तिघांकडे वळले.
एकाच्या बुंध्याशी, जोडाच्या वर,
लाल टोक होतं, सुईएवढं. किंवा चिखलाचा डाग असेल.

लूमिनित्सानं कप माझ्याकडे दिला.
गार झाला होता. आंबट.
कशाचा, ते मी विचारलं नाही.