पाच पक्क्या, दोन उघडत्या

मापं घ्यायला गेलो तेव्हा घर म्हणजे नुसता सांगाडा होता,
ओल्या पाइनच्या वासाचा,
आणि समुद्राकडच्या भिंतींत सात भोकं.
हीयूमा बेटाच्या त्या टोकाला वाऱ्याला अडवायला
ज्युनिपरच्या झुडपांशिवाय कुणी नाही.

विल्लूनं फळीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं:
सगळ्या पक्क्या. बिजागऱ्या नकोत, मुठी नकोत.
"एकवीस वर्षं ट्रॉलरवर काढली, पोटभर वारा खाल्ला.
आता समुद्र नुसता दिसू दे.
त्याची बडबड नको."

हेल्यू थर्मासचं झाकण फिरवत राहिली.
मग म्हणाली, सगळ्या उघडत्या.
मासे डबाबंद करायच्या कारखान्यात तिची उमेदीची वर्षं गेली.
खिडक्या होत्या तिथे, उंच,
रंगाचे थर बसून बसून चिकटलेल्या.
जूनमध्ये पलीकडे लायलॅक फुललेला दिसायचा
आणि नाकात स्प्रॅट मासे, धूर, तेल.
"काचेतून बघायचं ते सगळं बघून झालंय माझं."

मी कानावरची पेन्सिल काढली.
खरं तर यात मी पडायचं नसतं. माझं काम मिलिमीटरचं.
तरी सांगितलं, सांगावं लागतं:
पक्की काच स्वस्त, जवळजवळ निम्म्यात,
तीन पदरी, फटच नाही तर गारठा शिरणार कुठून.
उघडतीला रबर लागतं, रबर म्हातारं होतं,
मग मला बोलवाल, मी असलो तर.
पण पक्की बाहेरून पुसायची तर शिडी लावायची.
शिडी म्हटल्यावर हेल्यूनं विल्लूच्या गुडघ्याकडे बघितलं,
विल्लूनं समुद्राकडे.

एक गांधीलमाशी एका भोकातून आली,
दुसऱ्यातून गेली.
तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

हिशेब खिळ्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर झाला.
दोनदा खोडला. हेल्यूनं पडद्यांचे पैसे त्यात ओतले,
विल्लूनं सौनाच्या नव्या शेगडीचे,
तेही तोंड वाकडं करून.
बसल्या त्या पाच पक्क्या, दोन उघडत्या.

दोन कुठल्या, यावरून परत तासभर.
स्वयंपाकघरातली एक, त्यावर वाद नाही: मासे तळायचेत.
दुसरीसाठी हेल्यू भोका-भोकाशी जाऊन उभी राहिली.
तिसऱ्यातून तिनं डोकं बाहेर काढलं,
धक्क्याच्या दिशेनं तोंड केलं
आणि नवऱ्याच्या नावानं अशी ओरडली
की झुडपातला पक्षी उडाला.
नवरा तिच्या मागेच उभा होता.
"इथून पोचते," ती म्हणाली.
"काय पोचतं?"
"हाक."
मी चौकटीच्या लाकडावर फुली मारली.

चार हिवाळे गेले.
परवा, फेब्रुवारीत, विल्लूचा फोन आला:
तीन नंबरची मूठ फिरत नाही.
वापरून झिजली असेल म्हणून सुटे भाग घेऊन गेलो.
झिजली कुठली! गंजून बसली होती.
होडी दोन वर्षं कोठारात पालथी पडलेली,
धक्क्यावर हाक मारावी असं कुणी नसतं आता.
"मग राहू दे ना तशीच," मी म्हणालो,
"तुम्हाला तर पक्कीच हवी होती."
विल्लूनं दाराकडे बघितलं. हेल्यू दुकानात गेलेली.
"ती यायच्या आत कर," म्हणाला.
"आणि जाम झाली होती हे तिला सांगू नकोस."

तेल सोडलं, वाट बघितली, परत सोडलं.
मूठ कुरकुरली, मग फिरली.
झडप ढकलली तशी थंडी आत घुसली,
टेबलावरचं वर्तमानपत्र तिनं उचलून जमिनीवर टाकलं.
लांबवर समुद्र गोठलेला,
त्याच्या पोटात बर्फ कण्हत होता, ताणून ताणून,
गाभण गाईसारखा.
"बंद कर, बंद कर," विल्लू म्हणाला
आणि पुढे येऊन उभा राहिला,
कानटोपी काढून.

मी अवजारं पुसत बसलो.
अवजारं स्वच्छच होती.

मजुरी घेतली नाही.
तेलाचे पैसे घेतले.