बुडाशी

असोळण्याच्या एर्मेलिंदबायनं ती टॉवेलात गुंडाळून आणली,
बाजाराच्या पिशवीत, वर तांबड्या भाजीची जुडी,
बसमध्ये कुणाला कळू नये म्हणून.
म्हणाली, कायतान तारवावर होता तेव्हाची.
कोबेच्या बंदरात नऊ दिवस अडकले होते,
इंजिनाचा कसलासा भाग येईपर्यंत.
बाकीच्यांचा पगार दारूत गेला, ह्याचा ह्या फुलदाणीत.
मी भांडले होते, म्हणाली,
तेवढ्यात विहिरीला पंप आला असता.

मी कुंकळ्ळीचा चितारी.
पाट रंगवतो, पाळण्यांचे खूर, बाहुल्या, लाटणी,
चतुर्थीआधी महिनाभर गणपतीचे डोळे.
चिनीमातीशी माझी ओळख नाही, सांगितलं तिला.
ऐकून घेतलं आणि म्हणाली,
रविवारी दिल्लीचा माणूस बघायला येतोय.
तेवढा पक्ष्याचा पाय पुरा करून दे.

पक्षी बगळ्यासारखा, पण मान लांब,
आणि टाळूवर कुंकवाचं बोट फिरवलेलं.
पाण्यात उभा. एक पाय आहे.
दुसरा असायचा तिथं टवका उडालाय, चिंचोक्याएवढा.

तीन रात्री दिव्याखाली घेऊन बसलो.
एकही रेघ दोनदा ओढलेली नाही.
पिसाच्या मुळाशी निळा गच्च आहे,
मग कुंचल्यातला रंग संपत जातो,
आणि तो संपतो तिथंच पीस संपतं.
हे शिकवून येत नाही. मला विचारा,
गणपतीच्या भुवईला मी श्वास धरतो
आणि तरी दहातली एक पुसतो.
ह्याला पुसायची सोय नव्हती. कोरी माती शाई पिते तशी पिते.
एका पिसावर मात्र हात हललाय, किंचित.
कुणी जेवायला हाक मारली असेल.

उलटी केली. बुडाला लाल रंगात तीन अक्षरं.
मला वाचता येत नाहीत, पण नावच असणार.
स्वतःचं नाव लिहिताना हात जरा ऐटीत वळतो,
ते कुठल्याही लिपीत कळतं.
आणि नावापासून दोन बोटं दूर, झिलईत,
एक ठसा. अंगठ्याचा.
मी माझा ठेवून पाहिला.
तो पुरा झाकला गेला, वर जागा उरली.

नाव ज्याचं, अंगठा त्याचा नाही.

सुलक्षाला हाक मारली. ती लाख तापवत होती.
पदराला हात पुसून तिनं अंगठा टेकवला.
जवळजवळ बसला.
भट्टीत घालताना उचललं असेल घाईत कुणी बाईनं,
एवढं म्हणाली आणि लाख करपेल म्हणून परत गेली.

पायाचं सांगायचं राहिलं.
निळा जुळवता आला असता, थोडाफार.
पण दुसरा पाय मुळात होता की नव्हता?
एर्मेलिंदबायला आठवेना.
पाण्यातले पक्षी एकावरही उभे राहतात.
मी टवका नुसता पांढरा भरला.

शनिवारी तिनं फुलदाणी उजेडात धरली, फिरवली,
मी शिव्यांची वाट पाहत होतो.
असाच उभा राहायचा तो, म्हणाली, सुट्टी संपत आली की.
दारात. एका पायावर.
मग पैसे काढले, वर पाव किलो सुंगटं ठेवली आणि गेली.
दिल्लीवाला आला का, मी विचारलेलं नाही.

आज सकाळी लग्नाचे सहा पाट घासायला काढले.
रंगाची बाजू माझी. लाख फिरवते ती,
केवड्याच्या पानानं चकाकी आणते ती,
आणि ऊन लाखेत, पाट उचलताना,
खालच्या बाजूला ठसे पडतात.
वीस वर्षं मी ते पॉलिश पेपरनं काढत आलो.
डाग म्हणायचो त्यांना.

चार घासून झाले होते हाताच्या सवयीनं.
पाचवा तसाच ठेवलाय.
गिऱ्हाईक उलटा करून विचारील,
तेव्हा काय सांगायचं, ते ठरलेलं नाही.