रिकामा चौकोन

वेझीच्या सहीला शेपूट असतं,
मांजर उडी मारून पळाल्यासारखं.
आज संध्याकाळी सहाच्या चौकोनात
मांजर नाही.

खाट नऊ. चिर्वा आजोबा. इन्सुलिन, आठ युनिट.
खाट अकरावरही चिर्वाच,
म्हणून मनगटाची पट्टी दोनदा वाचते.
कुपी वापरलेली दिसते,
पण कुपी कोणाचं नाव सांगत नाही.

"दिलं का हो तुम्हाला?"
"सुया काय, रोजच टोचता.
आजची कुठली अन् कालची कुठली?"

द्यावं, तर पहाटे घाम सुटून गार पडतील.
न द्यावं, तर...
वेझीचा फोन बंद. न्खाता बेच्या अख्ख्या चढावर वीज नाही.
खाली सरोवरात कोळ्यांचे दिवे,
होडीगणिक एक, मोजून घ्यावेत असे.

पहारेकरी लुस्को सायकल काढतो.
तासाभराने घामेजली चिठ्ठी:
"दिलं. सहा वाजून दहा. दिवे गेले, लिहायचं राहिलं. माफ कर."

पेन माझ्या हातात होतं.
तिची मांजर मला हुबेहूब काढता येते.
नाही काढली.
चिठ्ठी टाचली, साखर तपासली, आकडा लिहिला,
चौकोन तसाच.

सकाळी ती आली, डोक्याचा रुमाल सुटलेला,
चहाही न घेता
आत्ताची वेळ घालून कालचं लिहिलं.

आजोबा विचारतात, "रात्री काय दिलंस गं मला?"
"काही नाही," मी म्हणते.
तेही लिहून ठेवलंय.