सिद्रैनचा दगड

आईला फोनवर म्हणालो, विलायतेत आहे.
ती गल्लीभर सांगत सुटली.
आता तिला कसं समजवावं
की इथं विलायत म्हणजे तालुक्याएवढा मुलूख:
पेट्रोलपंप, दवाखाना, मशीद, खजुराच्या बागा.
दोन बोरी होत्या म्हणून गावाचं नाव सिद्रैन,
त्यातली एक रस्ता रुंद करताना गेली.

उरलेल्या बोरीखाली मी दगड घडवत होतो.
विलायत स्थापन झाल्याला पन्नास वर्षं,
त्याची खूण चौकात बसवायची.
दगड इथलाच, तपकिरी, आत पांढरी शीर,
छिन्नी मारली की आमच्या काळ्या फत्तरासारखा वाजत नाही,
खोकतो.
अक्षरं मला न वाचता येणारी,
उजवीकडून डावीकडे, हाताला उलटा रस्ता.
थंकच्चन फोरमननं कागद चिकटवून बजावलं,
टिंबं सांभाळ, एक हललं की शब्दाचा बाप बदलतो.
एकूण त्रेसष्ट. रोज संध्याकाळी मोजायचो,
राखणदार शेळ्या मोजतो तशी.

शेळ्यांवरून आठवला, खल्फान.
थर्मास घेऊन यायचा, खोक्यावर बसायचा,
आधी मला कडू कॉफी, मग स्वतःला.
माझं अरबी साइटवरचं, नऊ वर्षांचं,
त्यात सिमेंट भरपूर, क्रियापदं कमी.
तरी एवढं कळलं:

तो दहा-बारा वर्षांचा असताना जीप आली.
खुंट्या, चुन्याची पोती, कागदाची गुंडाळी.
विचारलं, पोरा, तुमचं कुठपर्यंत?
याची उंटीण सकाळपासून सुटलेली.
यानं हनुवटीनं दाखवलं,
ती पळाली त्या टेकडीकडे.
त्यांनी तिथं चुना टाकला.
आजही नकाशावर रेघ सरळ येते
आणि त्या टेकडीशी एकदम वाकते.
मी विचारलं, मग उंटीण मिळाली?
मिळाली, म्हणाला,
पलीकडच्या विलायतेत.

मी सांगितलं, हद्द, तारीख, तालुका
हे शब्द तुमच्याकडूनच आलेत आमच्याकडे,
आणि जिल्हा.
जिल्हा? त्यानं दोनदा म्हणायला लावलं,
मग माझ्या बनियनवर, डाव्या कुशीत, बोट खुपसलं:
दिलअ. बरगडी.
बोट थंड होतं.
सोलापूर जिल्हा, मी मनात म्हणालो,
आणि श्वास घेताना तो हलला.

आमच्या शिवेवर एक गधेगाळ आहे.
वर चंद्र-सूर्य, खाली गाढव,
आणि दगड हलवणाऱ्याला आईवरून शिवी.
त्यावर बाया तेल घालतात, देव समजून.
बाप म्हणायचा, शिवी बघू नको,
कोरणाऱ्यानं कान किती नीट काढलेत ते बघ.
इथल्या कागदावर शिवी नव्हती,
चंद्र-सूर्यही नव्हते.
साल होतं. हुद्दे होते.

अनावरणाला झेंडे, भाषण, बकऱ्याच्या भाताच्या पराती.
खल्फान मागच्या रांगेत, मी ट्रकमध्ये.
पांगापांग झाल्यावर तो चौकात गेला,
गाड्या त्याला वळसा घालून जात होत्या.
अक्षरांवरून बोट फिरवलं, खाचेतली धूळ फुंकली,
मला हाक मारून म्हणाला, वाच.
मी म्हणालो, तुमचं आहे, तुम्ही वाचा.
तू काढलंस, तू वाच.
मग आम्ही दोघंही दगडाकडे बघत उभे राहिलो,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

टिंबं मात्र त्रेसष्टच होती. मोजून दाखवली.
त्याला तेवढं पुरलं.
दुसऱ्या दिवशी पहाटे मला सोहारच्या साइटवर हलवलं.

उंटिणीचं नाव विचारायचं राहिलं.