ऐन

हेम्मडग्याच्या वाटेला, पुलाच्या अलीकडं
एक ऐन आहे.
साल मगरीच्या पाठीची,
चौकोनी चौकोनी तडकलेली,
भेगांच्या तळाशी जराशी तांबूस.
शिमगा उलटला की अंगावर पान ठेवत नाही.
खाली पडलेलं पान चामड्यासारखं,
उलटं केलं तर देठाजवळ मोहरीएवढ्या दोन गाठी.
फळाला पाच पंख,
खरं उडणं कसलं,
दोन गिरक्या घेऊन आईच्या पायाशीच.

झाडं मोजायला गार्ड आला त्या वर्षी,
बैलहोंगलाकडचा, शिवबसप्पा.
काखेत रजिस्टर, हातात पांढऱ्या रंगाचा डबा.
वाट दाखवायला आमचा लुमाण्णाकाका,
आणि रंगाचा ब्रश सांभाळायला मी.
‘ह्यो ऐन,’ काका म्हणाला.
‘मत्ती,’ गार्डनं लिहिलं.
‘ऐन.’
‘मत्ती री.’
पुढच्या झाडाशी पुन्हा तेच.
काकाकडं हट्ट होता,
पेन गार्डकडं.

दुपारी ओढ्यात नुसते गोटे.
गार्डची बाटली केव्हाच संपलेली,
जीभ टाळ्याला चिकटून आकडेसुद्धा नीट येईनात.
काका एका बुंध्याशी थांबला.
छातीएवढ्या उंचीवर फुगवटा होता,
त्यावरून त्यानं हात फिरवला
सुईण फिरवते तसा,
कुऱ्हाडीच्या तुंब्यानं टकटक केलं,
कान लावला.
‘पाणी हाय. समद्यांत नसतंय खरं.’
मग एकच घाव, तिरका.

आधी फुसकन वारा सुटल्यासारखं झालं,
मग धार.
शिवबसप्पानं टोपी काढून ठेवली,
ओंजळ लावली,
कोपरांवरून ओघळ रजिस्टरवर गेले तरी
त्यानं पाहिलं नाही.
मीही प्यायलो.
तुरट. ओल्या फळीचा वास.
‘नीरु,’ तो म्हणाला, मोठा श्वास घेऊन.
काका काही बोलला नाही,
ओढ्याकाठची माती थुंकीनं मळत होता.
जखम लिंपली, वर एक पान दाबलं,
तेव्हाच गार्डला म्हणाला, ‘आता घाला नंबर.’

बारा वर्षं झाली मी उद्यमबागेत,
फौंड्रीत, भट्टीपाशी.
कूलरच्या पाण्याला लोखंडाची चव येते.
मागल्या वैशाखात गेलो होतो.
चारशे अठरा मीच रंगवला होता,
आता साल वाढून
चार एका खवल्यावर, आठ दुसऱ्यावर,
मधला एक भेगेनं गिळलेला.
फुगवटा आहे अजून.
बोटांच्या पेरांनी टकटक केलं,
कान लावला बराच वेळ.
काका असता तर त्याला कळलं असतं.
मला आवाज ऐकू आला,
खरं तो कशाचा, ते नाही.