पान क्रमांक सतरा

काणकोणात, खोला गावच्या उतारावर
विश्रांती वेळीपच्या कुळागरात
शिगम्याच्या आधी भिरंडीला पालवी फुटली.
लाल.
मी वहीत लिहिलं: पान सतरा, लांबी अडीच इंच,
हिरवं कामाला लागायचंय अजून,
ऊन मात्र पुरतं पोचलेलं.

विश्रांती म्हणाली,
"बाळंतिणीसारखं डोकं बांधून घेतलंय त्यानं."

मला सांगायचं होतं तिला
की हा रंग वरून बसत नाही,
सालीखाली एकेका पेशीच्या पाणथळ पोटात साठतो;
उजेड थाप मारतो, आत कुणी कारकून उठतो,
पेटारा उघडतो,
शेवटी साखरेचा कण चिकटवला की लाल टिकतो;
आणि पान जून झालं
की तोच कारकून पेटारा मुकाट मिटतो.
पण 'कारकून'पाशी मी अडखळले
तोवर ती पाटाचं पाणी वळवायला गेली होती.

तिच्या वाफ्यात तांबडी भाजी.
तीही लाल, पण निराळ्या घराण्याची:
तिच्या रंगात नायट्रोजन असतो, भिरंडीच्या रंगात नसतो,
आणि एकाच झाडात हे दोन रंग
आजवर कुणाला सापडलेले नाहीत.
विश्रांतीच्या ताटात रोज दुपारी भेटतात.

सतरावर मी चांदीच्या कागदाची पट्टी लावली,
करंगळीएवढी रुंद.
बारा दिवस.

तेराव्या दिवशी साडेअकराला सोडली.
खाली फिकट हिरवट चौकोन,
पोलक्याच्या बाहीआड राहिलेल्या दंडासारखा.
इतका नेमका पुरावा!
फोटो काढले, मोजमाप घेतलं,
आणि जेवायला गेले.

परतले तर चौकोन करपलेला.
भोवतीचं लाल शाबूत.

विश्रांतीनं पान उलटं करून पाहिलं, सुलटं केलं.
"सावली द्यायची तर दे, बाय.
पण काढायची ती सांजेला.
आणि सगळी एकदम नाही."

वहीत याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं: सांजेला. थोडी थोडी.
खाली तिचं नाव.
वेळीपमधला ळ मी घाईत ल काढला होता,
तो तिनं बोट ठेवून
खोडायला लावला.