गौण खनिज

माझं टेबल खिडकीजवळ. वर पाटी: गौण खनिज.
लोखंड, मँगनीज, बॉक्साइट ही प्रमुख मंडळी,
त्यांच्या फायली जिल्ह्याला, तिथून मुंबईला,
कधी दिल्लीलाही जातात म्हणे.
माझ्या वाट्याला वाळू, मुरूम, जांभा.
ज्याच्यावर आपण चालतो ते.

जांभा मोजायला जावं तर
जांभा तिथं नसतोच.
तो केव्हाच ट्रकात बसून घाट चढलेला असतो.
आपण मोजतो ती त्याची रिकामी जागा,
लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, भागिले शंभर.
एवढे ब्रास नाहीसे झाले,
एवढ्या ब्रासचं स्वामित्वधन भरा.
एकोणीस वर्षं मी
नसलेल्या दगडांच्या पावत्या फाडतोय.

स्वामित्वधन.
नोकरीत नवा असताना वाटलं होतं,
देवस्थानाचं काहीतरी असेल.

मौजे आंबेखोल, गट नंबर एकशे बारा, पोटहिस्सा तीन.
सुहासिनी धुरी यांनी विहीर खणली.
खणली, हरकत नाही.
निघालेल्या चिऱ्यांनी तिचा कठडा बांधला,
गोठ्याची पडवी सावरली, त्यालाही नाही.
जागच्या जागी वापरलं तर माफ.
पण चाळीस चिरे
त्यांनी तरीच्या धक्क्याला दिले,
जिथल्या पायऱ्या उधाणानं खाडीत ओढून नेलेल्या
आणि मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन
बायका गुडघाभर चिखलात उतरायच्या.
चिरा गटाबाहेर गेला.
कुणीतरी अर्ज केला.
अर्जावर अर्जदाराचं नाव नव्हतं, शिक्का मात्र आमचा होता: आवक.

भाऊसाहेबांबरोबर टेप धरायला मी.
ओहोटी होती. चिरे मोजले,
चाळीस भरले. खालच्या दोघांना कालवं धरलेली,
ती खरवडून मोजावं का, यावर थोडं बोलणं झालं.
शून्य पूर्णांक दोन ब्रास.
एकशे वीस रुपये, अधिक दंड पाचपट,
अक्षरी सातशे वीस फक्त.

बाई ओले काजू सोलत होत्या.
चिकानं काळवंडलेल्या बोटांनी नोटीस घेतली,
उलटी, सुलटी, पुन्हा उलटी.
तांब्यातून पाणी दिलं.
सही केली, शाळेतल्यासारखी, ओळीच्या वर नीट बसवून.
मग म्हणाल्या,
"जमीन माजी. चिरो सरकारचो.
मगे खड्डो कोणाचो?"

भाऊसाहेब म्हणाले, विहिरीची नोंद होईल सातबाऱ्यावर.
"ता नाय विचारलंय मी."

कोंबडी तेवढी बोलत राहिली, पडवीत.

परतताना नाक्यावर चहा.
वजनकाट्यासमोर ट्रकांची रांग, बंदराकडे तोंड करून,
ताडपत्री ओढलेली, टायर बसलेले.
परवान्यावर दहा टन.
"ह्याच पासावर तिसरी खेप," चहावाला म्हणाला,
आणि कप विसळायला वळला.
मला ऐकू आलं नाही असं नाही.
पण ते प्रमुख खनिज.
माझं टेबल वेगळं.
शर्टावर बसलेली लाल धूळ मी घरापर्यंत नेली,
कसल्याही परवान्याविना.

चलन सहाव्या दिवशी भरलं गेलं.
भरणाऱ्याच्या नावाचा रकाना एकच,
त्यात अकरा नावं कोंबलेली, शेवटची तीन समासात,
आणि कागदाला सुक्या बांगड्याचा वास.
बँकेनं कसं घेतलं कोण जाणे.

आता प्रकरण दप्तरी दाखल करायचं आहे.
छापील नमुना आहे. त्यात
उत्खनन किती, वाहतूक किती, वसुली किती,
थकबाकी निरंक.
खड्ड्याला रकाना नाही.
दर तीन वर्षांनी दर बदलतो, राजपत्र येतं,
तेव्हाही मी पाहतो, नसतो.

शेवटी एक अरुंद जागा उरते: शेरा.
तिथं आपण सहसा काही लिहीत नाही.

मी लिहिलं:
विहिरीस पाणी लागले आहे.
खाडी साठ पावलांवर असूनही
गोडे.